गावच्या घरी मुकी जनावरं आणि बदलते ऋतू: या चुका टाळा

मुरबाडच्या पुढे, टोकावड्याच्या बाजूला आमचं घर. दारात काळू नावाचा कुत्रा, चुलीपाशी दोन मांजरं, परड्यात दहा-बारा कोंबड्या आणि तीन शेळ्या. मे महिना लागला की घरात आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या तयारीची कामं निघतात. कौलं चाळायची, लाकडं भरायची, सुकी मासळी नि मसाला डब्यांत बंद करायचा. माणसांची बेगमी होते, पण जनावरांची सोय गेल्या ऋतूत जशी केलेली असते तशीच राहून जाते. आमच्या दारची बहुतेक आजारपणं याच एका हयगयीतून आली.

पावसाळ्यातही थंडीचंच अंथरूण

थंडीत काळूसाठी पडवीच्या कोपऱ्यात गोणपाट घातलं होतं. थंडी गेली, उन्हाळा सरला, तरी गोणपाट तिथेच. श्रावणात तो सारखा कान झाडायला लागला. कान उलटा करून पाहिला, तर आतल्या घडीत तुरीच्या दाण्याएवढ्या करड्या गोचिडी ओळीनं चिकटलेल्या. मग गोणपाट उचललं. खाली ओल, पांढरी बुरशी आणि भिंतीच्या फटीत मोहरीपेक्षा बारीक तपकिरी ठिपके. नीट पाहिलं तेव्हा ते ठिपके चालत होते.

कुत्र्यावरची गोचीड आयुष्यातला बराच काळ त्याच्या अंगावर नसतेच. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली गळून पडते आणि लादीच्या, भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. त्यामुळे कुत्र्याला कितीही आंघोळी घातल्या तरी आठ दिवसांत पुन्हा तेच. आम्ही फटी सिमेंटनं बुजवल्या, चुना मारला आणि गोणपाट जाळून टाकलं. आता काळू विटांवर ठेवलेल्या फळीवर झोपतो. वर जुन्या साडीच्या दोन घड्या आलटून पालटून घालतो आणि त्या दर आठवड्याला उकळत्या पाण्यात टाकतो.

गोचीड काढायला रॉकेल लावू नका, काडी पेटवून चटका देऊ नका, बोटानं चिरडू नका. चिमट्यानं कातडीच्या अगदी लगत धरा, सरळ वर ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. त्यानंतर कुत्र्यानं खाणं सोडलं, ताप आला, हिरड्या पांढुरक्या दिसल्या किंवा लघवी गडद झाली, तर घरी वाट पाहू नका. गोचीडतापाचं निदान रक्त तपासून होतं आणि वेळेत औषध मिळालं तर जनावर वाचतं.

इथेच एक चूक मांजराच्या जिवावर बेतते. कुत्र्यासाठी आणलेलं गोचिडीचं औषध उरलं म्हणून मांजराला लावलं जातं. अशा बऱ्याच औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं आणि ते मांजराला विषासारखं बाधतं. तापावरची पॅरासिटामॉलची गोळीही तशीच. माणसाला उतार देणारी एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आमच्या सासूबाई प्रेमापोटी अर्धी गोळी दुधात घालायला निघाल्या होत्या. त्यांचा हात धरला म्हणून भुरी आज आहे.

लस पाऊस सुरू झाल्यावर आठवते

आपल्याकडे पाऊस साधारण ११ जूनच्या सुमारास येतो. लसीचा परिणाम व्हायला दिवस लागतात, म्हणून दवाखान्याची फेरी मे महिन्यातच व्हायला हवी. भातखाचरं भरली की उंदीर घराकडे सरकतात. त्यांच्या मुतानं दूषित झालेल्या डबक्यातलं पाणी कुत्रा पितो आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो. तो माणसालाही होतो, म्हणून पायाला जखम असताना गोठ्याच्या चिखलात अनवाणी फिरू नका. कुत्र्याच्या वार्षिक लसीत लेप्टो आहे का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा, सगळ्या लसींत ते नसतं. रेबीजची लस मांजरालाही द्यायची असते, हे गावात अजून फार कमी जण मनावर घेतात. घरच्याच जनावराचा दात लागला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद, चुना काहीही भरू नका.

शेळ्यांना आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होण्याच्या आजाराची) लसही पावसाआधीच हवी. पहिल्या पावसावरचा कोवळा लुसलुशीत चारा पाहून त्या अधाशासारख्या खातात आणि डावी कूस फुगते. सोडण्याआधी मूठभर सुका पेंढा खाऊ घाला, कोवळ्या चाऱ्याची सवय हळूहळू होऊ द्या. कोंबड्यांना मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस वेळेवर द्या आणि खुराड्यातलं तूस कोरडं ठेवा. ओल्या तुसात रक्ती हगवण लागली की पिल्लं पटापट जातात. गुरं-शेळ्यांसाठी १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरतं पशुवैद्यकीय पथक बोलावता येतं. हा नंबर पडवीच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवा.

लाकडांची रास आणि कुत्र्याची जागा शेजारी शेजारी

आगोटीत भरलेली लाकडं आपण पडवीत भिंतीला टेकवून रचतो. कोरडी, उबदार जागा, आत उंदीर. घोणस, मण्यार, फुरसं यांना आणखी काय हवं? कुत्रा त्याच राशीपाशी बांधलेला असेल तर त्याला पळताही येत नाही. रास दगडांवर उचलून रचा, झोपायची जागा दुसऱ्या टोकाला न्या. साप चावला असं वाटलं तर करकचून दोरी बांधू नका, जखम कापू नका. जनावराला चालू न देता उचला आणि थेट डॉक्टरकडे न्या. मुंबईत परळचं बैलघोड्याचं हॉस्पिटल जनावरांसाठी नावाजलेलं आहे, पण आमच्या भागातून तिथवर जाईतो वेळ हातातून निघून जातो. सापाच्या विषावरची लस जवळपास कुणाकडे मिळते, हे मे महिन्यातच विचारून ठेवा.

सावली सरकते, साखळी सरकत नाही

ही चूक आम्ही केली आणि तिचं वाईट अजून वाटतं. पश्चिमेकडची पडवी थंडीत उबदार, म्हणून काळूची साखळी तिकडच्या खांबाला होती. एप्रिलमध्ये दुपारी दोननंतर तिथे ऊन येतं, वर सिमेंटचा पत्रा. सगळे जेवून आडवे झाले होते. बाहेर आले तेव्हा पाण्याची वाटी उलटलेली, काळूची जीभ लांब बाहेर, हिरड्या लालभडक, पाय लटपटत होते.

घाईत आम्ही ओला टॉवेल गुंडाळून त्याला झोपवलं. तीही चूकच. गुंडाळलेला टॉवेल थोड्याच वेळात कोमट होतो आणि अंगातली उष्णता कोंडून धरतो. सावलीत आणून विहिरीचं पाणी पोटावर, काखेत, पंजांवर ओतत राहायचं आणि पंखा लावायचा. पाणी तोंडात बळजबरीनं घालायचं नाही. उठून बसला तरी डॉक्टरला दाखवायचं, कारण आतल्या अवयवांना झालेली इजा नंतर दिसते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, त्याला धापा टाकूनच गार व्हावं लागतं.

आता होळी झाली की साखळी पूर्वेच्या खांबाला जाते. पाणी उथळ वाटीऐवजी जड दगडी पाट्यात असतं.

कापणीनंतरचं विष

ऑक्टोबरात भात घरात येतं, मागोमाग उंदरांसाठी औषधही. विष खाल्लेला उंदीर सुस्त होतो आणि आयता मांजराच्या तावडीत सापडतो. रक्त गोठू न देणारी विषं तर तीन-चार दिवसांनी परिणाम दाखवतात. तोवर मांजर धडधाकट दिसतं, मग नाकातून, हिरड्यांतून रक्त येतं. त्यावर जीवनसत्त्व के हा उतारा आहे, पण कोणतं विष होतं हे डॉक्टरांना कळलं तरच. पुडी फेकू नका, तीच सोबत न्या. दूध किंवा मिठाचं पाणी पाजू नका. आमच्याकडे आता कणगीपाशी पिंजरेच लावतो आणि त्यांवरून रोज सकाळी नजर फिरवायचं काम धाकट्यानं आपणहून घेतलंय.

थंडीच्या रात्री कुत्रा अंगणात साखळीला ठेवू नका. माळशेजच्या बाजूनं बिबटे फिरतात आणि बांधलेल्या कुत्र्याला सुटका नसते. शेवटचं, चुलीत सकाळचा जाळ घालण्याआधी राखेत हात फिरवून पाहा. भुरीची पिल्लं गेल्या पौषात तिथेच गुरफटून झोपलेली होती.