नाशिकच्या ओढ्याकाठी सापडलेला दगड जीवाश्म आहे का, हे कसं ओळखावं

नाशिकच्या आसपास जीवाश्म शोधायचे तर आधी काळ्या कातळावरची नजर काढावी लागते. हा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. त्यात हाड सापडण्याची आशा नाही. डायनोसॉरची हाडं चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला मिळतात, पण तिथले थर लाव्ह्याच्या खालचे आहेत. आपल्याकडचं धन त्याहून पुष्कळ अलीकडचं आहे आणि ते नद्यांनी आणून टाकलेल्या गाळात दडलंय. गाय पिलग्रिम या भूवैज्ञानिकाने 1905 मध्ये गोदावरीच्या गाळात, नांदूर मधमेश्वरला मिळालेल्या प्राचीन हत्तीच्या कवटीवर लिहिलं. हा हत्ती आज नामशेष आहे. ज्या काठावर आपण पक्षी बघायला जातो तिथे तो पाणी प्यायचा, हे कळल्यापासून मला नदीची कापलेली दरड नुसती माती वाटत नाही.

कुठे आणि केव्हा बघायचं

पावसाळा सरला, पाणी उतरलं की दिवाळीनंतर निघा. गोदावरी, दारणा, कादवा किंवा त्यांना मिळणारा एखादा ओढा निवडा आणि जिथे पाण्याने काठ उभा कापलाय तिथे थांबा. वर पिवळट-तपकिरी पोयटा आणि खाली चुन्याने घट्ट धरलेला गोट्यांचा थर दिसला तर जागा बरोबर आहे. हाडं आणि दात बहुधा या गोट्यांच्या थरात किंवा त्याच्या लगत असतात. दरडीच्या पायथ्याशी बसून उकरू नका, ओली दरड न सांगता कोसळते. धरणाखालच्या पात्रात उतरण्याआधी पाणी सोडणार आहेत का, हे गावात विचारून घ्या.

आधी फसवे दगड बाजूला काढा

जीवाश्म म्हणून उचललेल्या बहुतेक वस्तू या गटातल्या असतात, म्हणून इथे वेळ द्या.

सर्वात जास्त फसवतो तो चुनखडीचा गोळा. मुळांभोवती चुना साचून हाताच्या बोटाएवढ्या फांद्याफांद्यांच्या नळ्या तयार होतात, त्या हुबेहूब बारीक हाडांसारख्या दिसतात. मोडलेल्या टोकाकडे बघा. आत एकसारखा पिठूळ चुना किंवा मधोमध नुसतं भोक असेल, तर ते हाड नव्हे. अशा तुकड्यावर व्हिनेगरचा थेंब टाकला तर बुडबुडे येतात. पण ही परीक्षा सुट्या, निरुपयोगी तुकड्यावरच करा. खऱ्या हाडाच्या पोकळ्यांतही चुना भरलेला असू शकतो, त्यामुळे बुडबुडे आले म्हणून लगेच निकाल देऊ नका.

दुसऱ्या क्रमांकावर गारगोट्या आणि झिओलाइट. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय एकदा बघून आलात तर कातळाच्या पोकळीत वाढलेल्या स्फटिकांना तुम्ही पुन्हा शंख-शिंपले म्हणणार नाही. दगडाच्या भेगेवर नेचाच्या पानासारखी काळी नक्षी दिसली तर ती बहुधा मँगनीजच्या ऑक्साइडची असते. पान असतं तर मधली शीर आणि तिच्यातून निघणाऱ्या शिरा दिसल्या असत्या. नक्षी मात्र भेगेच्या कडेपासून आत वाढत जाते.

हाड ओळखण्याच्या खुणा

दहापट मोठं दाखवणारं भिंग बरोबर ठेवा. हाडाला बाहेरून घट्ट, गुळगुळीत कवच असतं आणि टोकाशी आत जाळी असते. जीवाश्मात ती जाळी तशीच राहते, फक्त तिच्या घरांत खनिज भरतं. म्हणून जीवाश्म आकाराच्या मानाने जड लागतो आणि नखाने टकटक केलं की दगडासारखा वाजतो. रंगावर जाऊ नका. गाळात पडलेलं अलीकडचं गायीचं हाडही काळंकुट्ट होतं. शंका असेल तर सुट्या तुकड्याला तापलेली सुई टेकवा. केस जळल्यासारखा वास आला तर हाड ताजं आहे. हाड जिभेला चिकटतं का, ही परीक्षा पुष्कळजण सांगतात. आपल्या नद्यांच्या पाण्याची अवस्था बघता ती करू नका.

दात मिळाला तर नशीब समजा

दाताचं इनॅमल शरीरातलं सर्वात कठीण, त्यामुळे हाडाचा भुगा झाला तरी दात उरतो. आणि हाडाच्या तुकड्यापेक्षा दातावरून प्राणी ओळखणं कितीतरी सोपं. चावण्याच्या बाजूला एकामागे एक आडव्या पट्ट्या दिसल्या तर तो हत्ती. उंच दातावर इनॅमलच्या चंद्रकोरी असतील तर गाय-बैलांच्या किंवा हरणांच्या कुळातला. उंच, चौकोनी आणि इनॅमलच्या घड्यांची गुंतागुंतीची वळणं असलेला दात घोड्याच्या कुळाचा. झिजलेल्या दातावर तिपानी आकार उमटला असेल तर पाणघोडा असू शकतो.

उचलण्याआधी

हे सर्वात महत्त्वाचं. थरात रुतलेली वस्तू काढू नका. आधी दुरून फोटो घ्या, ज्यात पूर्ण दरड दिसेल. मग जवळून, शेजारी पट्टी किंवा दहा रुपयांचं नाणं ठेवून (त्याचा व्यास 27 मिलिमीटर असतो). मोबाइलवरून अक्षांश-रेखांश टिपा, पात्रापासूनची उंची मोजा, थराचं वर्णन लिहा. हाड कोणत्या थरातलं हे गेलं, तर त्याचं वय ठरवण्याचा आधारच गेला. सोबत एका बाजूला धार काढलेला दगड दिसला तर तोही जागीच ठेवून फोटो घ्या. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांना गंगापूरजवळ याच गोदावरीकाठी पाषाणयुगातली हत्यारं मिळाली होती.

नांदूर मधमेश्वर हे अभयारण्य आहे, तिथून परवानगीशिवाय काही हलवता येत नाही. इतर ठिकाणी सुटं पडलेलं हाड आणलं तर सावलीत हळूहळू वाळू द्या, उन्हात तडकतं. मऊ ब्रशने माती झाडा, पाण्याखाली धरून घासू नका, गोंद लावू नका. टिपण आणि फोटो घेऊन पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाशी किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाशी संपर्क साधा. वस्तू दाखवण्याआधी जागेची नोंद पुढे करा, कारण अभ्यासकांचा पहिला प्रश्न तोच असतो.