रुग्णालय आणि शुश्रूषागृहातील सुरक्षितता: जबाबदारी कशी वाटावी आणि कशी पार पाडावी

रुग्णालय, वृद्धाश्रम, अपंगांचे निवासी केंद्र किंवा रुग्णाचे स्वतःचे घर, या सर्व ठिकाणी एकाची कामाची जागा ही दुसऱ्याची राहण्याची किंवा उपचार घेण्याची जागा असते. त्यामुळे कर्मचाऱ्याची सुरक्षितता आणि रुग्णाची सुरक्षितता असे दोन वेगळे विषय करून चालत नाही. अंथरुणावरील माणसाला घाईघाईने ओढून वर सरकवले, की उचलणाऱ्याची कंबर दुखावते आणि त्याच क्षणी रुग्णाची त्वचा चादरीवर घासून सोलवटते. सुरक्षिततेची घडी बसवायला निघालेल्या व्यवस्थापकाने अथवा प्रभारी परिचारिकेने हे पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावे.

मूळ जबाबदारी संस्था चालवणाऱ्याची असते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारात ही बाब स्पष्ट आहे: कामाची जागा, यंत्रे आणि कामाच्या पद्धती शक्य तितक्या निर्धोक ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे आणि सुरक्षिततेच्या उपायांचा खर्च कामगारावर पडता कामा नये. म्हणजे हातमोजे, मास्क, लस आणि प्रशिक्षण यांपैकी कशाचेही पैसे पगारातून कापणे या तत्त्वाशी विसंगत आहे. जिवाला गंभीर धोका समोर उभा आहे असे सकारण वाटल्यामुळे जो कामगार कामावरून बाजूला होतो, त्याला त्याबद्दल अनुचित परिणाम भोगावे लागू नयेत, हेही त्याच करारात आहे. कर्मचाऱ्याचीही बाजू आहे. शिकवलेली पद्धत पाळणे, दिलेली साधने वापरणे, आपल्यामुळे सहकाऱ्याला किंवा रुग्णाला इजा होणार नाही हे पाहणे आणि धोका दिसताच कळवणे ही त्याची कर्तव्ये होत. २०२२ मध्ये याच संघटनेने सुरक्षित व आरोग्यदायी कार्यस्थळाचा समावेश कामगारांच्या मूलभूत हक्कांत केला.

तत्त्व कागदावर असले, तरी ‘सुरक्षितता ही सर्वांची जबाबदारी’ असे वाक्य भिंतीवर लावल्याने ती कुणाचीच राहत नाही. म्हणून प्रत्येक कामापुढे एका माणसाचे नाव आणि त्याच्या गैरहजेरीत दुसऱ्याचे नाव लिहावे. सुयांचा डबा कोण बदलतो, उचलयंत्राचे (रुग्णाला उचलणाऱ्या यंत्राचे) पट्टे कोण तपासतो, आग लागल्यास चालता न येणाऱ्या रुग्णांना कोण हलवतो, हे रात्रपाळीसाठीही स्वतंत्रपणे ठरलेले असावे. नाव लिहिताना त्या व्यक्तीला त्या कामासाठी वेळ आणि अधिकार दिला आहे ना, हेही पाहावे. साधन बंद ठेवण्याचा अधिकार नसलेल्या माणसाला ते तपासायला सांगणे म्हणजे त्याच्यावर केवळ दोषाचा भार टाकणे आहे.

यानंतर धोक्यांची पाहणी करावी. ती कार्यालयात बसून भरलेल्या तक्त्याने होत नाही. जे प्रत्यक्ष काम करतात, विशेषतः सफाई कर्मचारी आणि मदतनीस, त्यांना सोबत घेऊन जागेत फिरावे, कारण कोणत्या नळाशी पाणी साचते आणि कोणत्या खाटेचे ब्रेक लागत नाहीत हे त्यांनाच ठाऊक असते. प्रत्येक धोक्याबद्दल इजा होण्याचा संभव किती, झाल्यास ती किती गंभीर आणि कुणाला, हे लिहावे. उपाय ठरवताना क्रम सोडू नये: धोका समूळ काढता येतो का, त्याऐवजी कमी धोक्याचे काही वापरता येते का, यंत्राने किंवा रचनेने तो अडवता येतो का, कामाची पद्धत बदलता येते का, आणि सर्वांत शेवटी मास्क-हातमोजे. हा क्रम बहुतेक ठिकाणी उलटा लावला जातो, कारण हातमोज्यांचे खोके आणणे सोपे असते.

सुई टोचण्याच्या अपघातावर अधिक थांबणे आवश्यक आहे. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये, ती वाकवू नये आणि दुसऱ्याच्या हाती देऊ नये. वापर झाला त्याच जागी, हाताच्या अंतरावर, न फुटणारा व न गळणारा डबा असावा आणि तो तीन-चतुर्थांश भरताच बंद करून बदलावा. इतके करूनही सुई टोचलीच, तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी. बोट पिळू नये, जखमेवर ब्लीच ओतू नये. डोळ्यात रक्त उडाले असल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा. त्यानंतर पाळी संपण्याची वाट न पाहता लगेच कळवावे. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचल्यास संसर्गाचा सरासरी संभव सुमारे ०.३ टक्के असतो. हिपॅटायटिस बीबाधित रक्ताच्या सुईने, लस न घेतलेल्या व्यक्तीला त्या आजाराचा संसर्ग होण्याचा संभव मात्र ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्य तर काही तासांत आणि जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. म्हणूनच हिपॅटायटिस बीच्या तिन्ही मात्रा आणि त्यानंतरची प्रतिपिंडांची तपासणी नोकरीच्या आरंभीच झालेली असावी, आणि मध्यरात्री दोन वाजता सुई टोचल्यास कुणाला फोन करायचा व औषध कोणत्या कपाटात आहे, हे पाळीवरच्या प्रत्येकाला माहीत असावे. माझ्या मते कोणत्याही संस्थेची तयारी जोखण्यास हा एक प्रश्न पुरेसा आहे.

दुसरा मोठा विषय माणसे उचलण्याचा. नीट वाकायला शिकवले की कंबर वाचते हा समज फार रुजलेला आहे, पण केवळ पद्धत शिकवून पाठीच्या दुखापती थांबत नाहीत. रुग्ण हे खोके नव्हे. तो घाबरतो, अचानक धरतो, मध्येच पाय सोडतो. अमेरिकी संशोधक थॉमस वॉटर्स यांनी २००७ मध्ये रुग्णाला हातांनी उचलताना एका व्यक्तीवर ३५ पौंड, म्हणजे सुमारे १६ किलोपेक्षा अधिक भार येऊ नये अशी मर्यादा सुचवली, आणि तीही परिस्थिती अनुकूल असताना. प्रौढ माणसाचा एक पायही या मर्यादेच्या जवळ जाऊ शकतो. त्यामुळे प्रत्येक रुग्णाच्या नोंदीत तो स्वतः किती हालचाल करू शकतो, त्याला सरकचादर (अंगाखाली घालून सरकवण्याची गुळगुळीत चादर) लागते की उचलयंत्र, किती माणसे लागतात आणि पट्ट्याचा आकार कोणता, हे लिहिलेले असावे. उचलण्यापूर्वी काय होणार आहे हे रुग्णाला सांगावे आणि त्याची संमती घ्यावी. रुग्ण पडू लागला, तर त्याला झेलण्याचा प्रयत्न सहसा दोघांनाही इजा करतो. वाटेतील वस्तू दूर करून त्याचे डोके सांभाळणे आणि नंतर तो दुखावला आहे का हे तपासल्याखेरीज त्याला न उठवणे हे अधिक योग्य ठरते.

संसर्गाबाबत हातांची स्वच्छता हाच पाया आहे: अल्कोहोलयुक्त द्रावणाने २० ते ३० सेकंद, साबण-पाण्याने धुण्याच्या पूर्ण क्रियेला ४० ते ६० सेकंद. हातमोजे घातले म्हणून हात धुण्याची गरज संपत नाही. संरक्षक पोशाख काढताना संसर्ग होण्याची भीती घालतानापेक्षा अधिक असते, म्हणून काढण्याचा क्रम आरशाजवळ चित्रांसह लावावा.

रसायने मूळ नाव असलेल्या बाटलीतच ठेवावीत. ब्लीचमध्ये आम्ल मिसळले तर क्लोरीन वायू निघतो, अमोनियायुक्त द्रव मिसळला तर क्लोरॅमिन. दोन्ही फुफ्फुसांना घातक आहेत. ऑक्सिजनच्या सिलिंडरच्या झडपेला तेल किंवा ग्रीस लागू देऊ नये आणि सिलिंडर साखळीने बांधलेला असावा. वृद्ध किंवा संवेदना कमी असलेल्या व्यक्तीला अंघोळ घालण्यापूर्वी पाणी तापमापकाने तपासावे. ते ४४ अंश सेल्सिअसच्या वर नसावे.

शिवीगाळ आणि मारहाण हा या कामाचाच भाग आहे असे अनेक कर्मचाऱ्यांना सांगितले जाते, ते चूक आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णाने हात उगारला तरी त्याची नोंद व्हावी. ती त्याला शिक्षा करण्यासाठी नसते, तर वेदना, भूक, गोंगाट किंवा अनोळखी चेहरा यांपैकी कशाने तो बिथरला हे शोधण्यासाठी असते. रुग्णाच्या घरी एकट्याने जाणाऱ्या कर्मचाऱ्याचा पत्ता, पोहोचण्याची व परतण्याची वेळ कुणातरी एकाकडे असावी आणि ठरलेल्या वेळी निरोप न आल्यास काय करायचे हेही आधी ठरलेले असावे.

हे सर्व टिकते ते नोंदींवर. ज्या विभागात अपघाताच्या नोंदी अजिबात नाहीत, तो विभाग सुरक्षित आहे असे गृहीत धरू नये. बहुधा तिथे लोक बोलायला घाबरतात. थोडक्यात टळलेले प्रसंगही लिहायला सांगावे आणि चौकशीत ‘कुणी केले’ याआधी ‘कशामुळे होऊ शकले’ हे विचारावे: त्या पाळीत माणसे किती होती, डबा भरलेला होता का, उचलयंत्राची बॅटरी चार्ज होती का. ज्याने कळवले त्याला काय बदलले हे ठरावीक मुदतीत परत सांगावे, कारण उत्तर न मिळालेला माणूस पुढच्या वेळी कळवत नाही. नवी खाट, नवे औषध, नवा कर्मचारी किंवा प्रकृती बदललेला रुग्ण आला, की वार्षिक तारखेची वाट न पाहता त्या कामाची पाहणी पुन्हा करावी आणि कागदावर त्या दिवसाची तारीख व करणाऱ्याची सही घालावी.