परदेशी विद्यार्थ्यांच्या सेवेला निघालेल्या जोडप्यांनो, या चुका टाळा

निवृत्तीनंतर वर्ष-दोन वर्षं परदेशात जाऊन तिथल्या विद्यार्थ्यांमध्ये प्रभूची सेवा करावी, असं मनात असलेली जोडपी आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये आता बरीच भेटतात. आम्ही दोघं इंग्लंडमध्ये, लेस्टरला, ही सेवा करून आलो. निघणारी माणसं सल्ला विचारायला घरी येतात आणि त्याच त्या चुका करायला निघालेली पाहून जीव तुटतो.

पहिली चूक व्हिसाची. "काकू, फिरायला जातोय म्हणून सांगू, तिथे गेल्यावर बघू." असं अजिबात करू नका. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत जास्तीत जास्त 30 दिवस स्वयंसेवा करता येते. त्याहून जास्त राहायचं तर चॅरिटी वर्कर व्हिसा 12 महिन्यांपर्यंत मिळतो, रिलिजस वर्कर 24 महिन्यांपर्यंत. दोन्हींसाठी तिथल्या परवानाधारक संस्थेची स्पॉन्सरशिप लागते. मुक्काम सहा महिन्यांपेक्षा जास्त असेल तर भारतातून जाताना क्षयरोगाची तपासणी आणि आरोग्य अधिभार (तिथली सरकारी आरोग्यसेवा वापरण्यासाठी व्हिसासोबत भरायची रक्कम) हे दोन्ही आलं. 2024 पासून हा अधिभार माणशी वर्षाला 1,035 पौंड आहे, म्हणजे वर्षभरासाठी दोघांचे 2,070. इतका खर्च झेपत नसेल तर एक वर्ष थांबून पैसे साठवा. सेवेची सुरुवात खोटं बोलून करायची ही गोष्ट मला पटत नाही.

आता माझा सगळ्यात दुखरा विषय. प्रार्थनेचा विषय म्हणून दुसऱ्याची गोष्ट पसरवणं.

आमच्यानंतर तिथे एक जोडपं आलं. अतिशय प्रेमळ माणसं. एमएस्सी करणारी आपल्याकडची एक मुलगी एका संध्याकाळी त्या काकूंच्या स्वयंपाकघरात बसून रडली. केअर होममधलं काम सुटलं होतं, फीचा हप्ता थकला होता. काकूंनी तिला जेवायला घातलं, तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. आणि ती गेल्यावर गावाकडच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, "आपली एक लेक फीच्या अडचणीत आहे, काम गेलंय, सर्वांनी प्रार्थना करा." नाव लिहिलं नव्हतं. पण त्या तालुक्यातून लेस्टरला गेलेली मुलगी एकच होती. इकडे रात्रीचे साडेदहा वाजलेले. तासाभरात कुणाच्या तरी मावशीने तो मेसेज मुलीच्या आईपर्यंत पोचवला. वडिलांनी शेत गहाण ठेवून तिला पाठवलेलं, आईला रक्तदाबाचा त्रास. मध्यरात्री घरात रडारड.

दुसऱ्या दिवशी मुलगी दारात येऊन एवढंच म्हणाली, "काकू, मी तुम्हाला सांगितलं होतं, मंडळीला नाही." ती परत आली नाही. तिच्या खोलीतल्या दोघी जणीही यायच्या बंद झाल्या. काकूंचा हेतू चांगलाच होता, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण म्हणून त्या मुलीच्या घरातली ती रात्र काही टळली नाही.

माझी सवय सांगते. प्रार्थनेच्या वहीत मी फक्त तारीख आणि नावाचं पहिलं अक्षर लिहायची. आणि मुलांना सरळ विचारायची, "आम्ही दोघांनीच प्रार्थना करू, की आणखी कुणाला सांगू?" बहुतेक जण म्हणायचे, "दोघांनीच." घरी पाठवायच्या पत्रात आमची तब्येत, थंडी आणि आमच्या गरजा, एवढंच.

आणखी एक मोठी चूक म्हणजे आपलं वेळापत्रक त्यांच्यावर लादणं. यांनी इथून 26 पाठांची फाइल नीट टाइप करून नेली होती. सभा संध्याकाळी सहाला. पहिल्या आठवड्यात अकरा मुलं, चौथ्यात तीन. यांना वाटलं, मुलांना बायबलच्या वचनाची गोडी नाही. एका बुधवारी रात्री साडेनऊला सोलापूरचा एक मुलगा आला. वेअरहाउसची शिफ्ट करून आलेला, पायात अजून ते जड सेफ्टी बूट. मी भात-आमटी वाढून आणेपर्यंत तो सोफ्यावर बसल्या बसल्या झोपला होता. स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास काम करता येतं, आणि हे तास बहुतेकांच्या संध्याकाळीच जातात. यांनी फाइल कपाटात ठेवली. मी रात्री आठला कुकर लावायला लागले, दारातला दिवा अकरापर्यंत चालू. वचन वाचायचं ते जेवणानंतर, दहा मिनिटं. फाइल पुढे उघडलीच, पण मुलांनी मागितली तेव्हा. दोन महिन्यांत निकाल मागणाऱ्या उतावळ्या जोडप्यांनी ही सेवा घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकीचं थोडक्यात. "लग्नाचं काय?" हा प्रश्न विचारू नका. मुलाला किंवा मुलीला बंद खोलीत एकट्याने भेटू नका, आणि पोलीस क्लिअरन्स मागितला तर अपमान वाटून घेऊ नका. "इंग्रजी येतं की" म्हणून निर्धास्त राहू नका, नायजेरियन आणि चिनी मुलांचे उच्चार कानाला बसायला महिने लागतात. 1813 साली मुंबईत आलेले अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल आधी मराठी शिकले, मग मराठीत उपदेश करू लागले.

आणि पेन्शन असेल तर नोव्हेंबरचा हयातीचा दाखला विसरू नका. चेहरा दाखवून मोबाइलवर जीवन प्रमाण काढता येतं, त्याचा सराव इथेच करा. भारतातलं सिम रोमिंगवर चालू ठेवा, बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो.