न्यू मेक्सिकोच्या स्पॅनिश काळावर लिहिताना या चुका टाळा

उत्तर अमेरिकेतील न्यू मेक्सिको हा स्पॅनिश साम्राज्याचा अगदी टोकाचा प्रांत होता. त्याच्यावरचे मराठी लेख अधूनमधून माझ्याकडे तपासण्यासाठी येतात, आणि त्यांतील बहुतेक चुका माहिती कमी असल्यामुळे झालेल्या नसतात. जुना शब्द लेखकाच्या डोळ्यांसमोर असतो, पण त्याचा आजचा अर्थ घेऊन तो पुढे निघून गेलेला असतो.

या चुकांमध्ये पहिला मान 'वेसीनो' या शब्दाचा आहे. आजच्या स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ शेजारी असा होतो आणि भाषांतराचे यंत्रही तोच देते. वसाहतकालीन कागदांत मात्र वेसीनो म्हणजे गावात घर असलेला आणि गावच्या कारभारात हक्क असलेला कुटुंबप्रमुख. त्याची बायको, मुले, आश्रित आणि नोकर हे सगळे त्या एका शब्दाच्या आड उभे असतात.

ही चूक मी स्वतः केली आहे, आणि ती छापूनही आली आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी मी न्यू मेक्सिकोतील आल्बुकर्की या गावाच्या स्थापनेवर लेख लिहिला होता. स्पेनचा राजा दुसरा फेलिपे याच्या १५७३ सालच्या अध्यादेशांनुसार नवे गाव वसवण्यासाठी किमान ३० वेसीनो आवश्यक होते. मी घाईघाईने '३० माणसे' असे लिहिले. १७०६ मध्ये गव्हर्नर फ्रान्सिस्को कुएर्वो इ वाल्देस याने आपण ३५ कुटुंबे, म्हणजे २५२ माणसे, वसवल्याचे कळवले होते. त्यावरून मी असा निष्कर्ष काढला की कायद्याला लागणाऱ्या संख्येच्या आठपट वस्ती पहिल्याच वर्षी उभी राहिली होती, आणि त्या भरभराटीवर दोन परिच्छेद खर्ची घातले. अंक निघाल्यावर एका वृद्ध वाचकांचे पोस्टकार्ड आले. त्यावर एवढेच होते: 'तीस माणसे नव्हेत, तीस उंबरे.' त्या एका ओळीने लेख उलटा झाला. गव्हर्नर नियमाच्या जेमतेम पलीकडचा आकडा सांगत होता, आणि तोही फुगवलेला होता. काही वर्षांनी झालेल्या चौकशीत सुरुवातीला १९ कुटुंबे आणि १०३ माणसेच होती, असे साक्षीदारांनी सांगितले. गव्हर्नरने आकडा का फुगवला असेल, हा खरा विषय मी हातचा घालवला होता.

तेव्हापासून वेसीनोंचा आकडा आला की मी आधी समासात 'उंबरे' असे लिहितो आणि मगच पुढे वाचतो. सरसकट पाचाने गुणून लोकसंख्या काढण्याची सोपी युक्ती मला मान्य नाही. वरच्याच दोन आकड्यांत एका कुटुंबामागे एकदा सात आणि एकदा पाच माणसे पडतात. शिवाय अठराव्या शतकात हाच शब्द तिथल्या मूळ रहिवाशांहून, म्हणजे पुएब्लो लोकांहून, वेगळ्या अशा साऱ्या स्पॅनिश समाजासाठी सैलपणे वापरला जाऊ लागला, त्यामुळे कागदाचे साल पाहिल्याशिवाय गुणाकाराला हात घालू नये.

दुसरी चूक 'एन्कोमिएंदा'ची आहे. एन्कोमिएंदा म्हणजे जहागीर आणि जहागीर म्हणजे जमीन, अशा दोन पायऱ्यांवरून लेखक घसरतो. प्रत्यक्षात हा वसुलाचा हक्क होता. न्यू मेक्सिकोत असा हक्क जास्तीत जास्त ३५ जणांना मिळत असे. पुएब्लो गावातील प्रत्येक घरामागे वर्षाला एक फनेगा (धान्याचे एक स्पॅनिश माप) मका आणि एक सुती कापड किंवा कातडे त्यांना मिळे, आणि त्या बदल्यात त्यांनी शस्त्र व घोडा बाळगून प्रांताचे रक्षण करायचे असे. जमीन कायद्याने पुएब्लोंचीच राहत असे. आपल्याकडचा शब्द हवाच असेल तर मोकासा त्याला अधिक जवळचा आहे, कारण मोकाशाचा संबंधही गावच्या वसुलातील वाट्याशी होता. अनेकांनी पुएब्लोंच्या जमिनीत पाय रोवले आणि त्यांना वेठीस धरले हे खरे, पण तो नियमभंग होता. नियम आणि नियमभंग एकाच वाक्यात कालवले की १६६० नंतरच्या दुष्काळातही चालू राहिलेला वसूल लोकांना का असह्य झाला, ते कळत नाही. १६८० मध्ये पुएब्लोंनी उठाव करून स्पॅनिशांना हुसकावून लावले; त्यानंतर ही पद्धत तिथे पुन्हा रुजली नाही. म्हणून अठराव्या शतकातील 'एन्कोमिएंदांची शेते' आढळली की मी लेख परत पाठवतो.

'पासिफिकासिओन', म्हणजे शांत करणे, हा शब्द जसाच्या तसा स्वीकारू नये. १५७३ च्या त्याच अध्यादेशांनी 'विजय' हा शब्द वर्ज्य ठरवून त्याच्या जागी हा शब्द आणला. त्यानंतर, १५९९ च्या जानेवारीत, न्यू मेक्सिकोत वसाहत करणाऱ्या हुआन दे ओन्यातेच्या सैनिकांनी आकोमा हे पुएब्लो गाव उद्ध्वस्त केले, आणि पकडलेल्यांपैकी पंचवीस वर्षांवरील पुरुषांना एक पाय तोडण्याची व वीस वर्षे गुलामीची शिक्षा फर्मावण्यात आली. गव्हर्नर दिएगो दे वार्गासने १६९२ मध्ये 'रक्ताचा थेंबही न सांडता' प्रांत परत घेतला, हे वाक्य याच जातीचे आहे. त्या वर्षी लढाई झाली नाही, कारण तो ताबा घेतल्याचा समारंभ उरकून परत गेला. १६९३ च्या डिसेंबरात तो वसाहतकऱ्यांना घेऊन आला तेव्हा प्रांताची राजधानी सांता फे हिच्यासाठी लढाई झाली, सत्तर जणांना ठार मारण्यात आले आणि सुमारे चारशे बायकामुलांना दहा वर्षांच्या दास्यात वाटून देण्यात आले. १६९६ मध्ये पुन्हा उठाव झाला. अर्धवट सारांश वाचून लेख लिहायला बसणारे १६९२ वरच थांबतात.

'पुएब्लो' ही एक जमात नव्हे. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ गाव. या गावांमध्ये तेवा, तिवा, केरेस, झुनी अशा वेगवेगळ्या भाषा होत्या, आणि म्हणूनच १६८० च्या उठावाचा पुढारी पोपे याने गाठी मारलेल्या दोऱ्या धाडून उठावाचा दिवस कळवला, हे मला विशेष वाटते.

ओन्याते स्पेनहून आला, असे लिहू नका. त्याचा जन्म नव्या स्पेनमधला, म्हणजे आजच्या मेक्सिकोतला, आणि त्याची पत्नी अझ्टेक सम्राट मोक्तेसुमाची पणती होती.

स्पेन आणि पोर्तुगाल यांना 'फिरंगी' म्हणून एकाच पोत्यात घालू नका. १५८० ते १६४० या काळात स्पेन आणि गोवा यांचा राजा एकच होता, तरी गोव्याचा कारभार पोर्तुगीजांच्याच हाती राहिला.

१६८० च्या उठावानंतर पळालेले स्पॅनिश लोक 'टेक्सासमधील एल पासो' येथे पोहोचले, हेही वरचेवर वाचायला मिळते. त्या वेळचे एल पासो देल नोर्ते हे गाव रिओ ग्रांदे नदीच्या दक्षिण तीरावर होते. आज ते मेक्सिकोतील सिउदाद हुआरेस आहे.