स्वतः बांधलेल्या संगणकासाठी व्हिडिओ चिप आणि कंपायलर कसा निवडावा

कंपायलर (सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम प्रोसेसरच्या सूचनांत बदलणारा) कोणता वापरायचा, हा प्रश्न बहुतेक जण बोर्ड तयार झाल्यावर विचारतात. तोवर प्रोसेसर ठरलेला असतो, व्हिडिओ चिप सॉकेटात बसलेली असते आणि हाती येईल त्या कंपायलरशी जुळवून घ्यावं लागतं. माझं म्हणणं असं की या दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत, सुटे भाग मागवण्याआधी ठरवाव्यात. चिपला बाइट किती वेगाने घेता येतो आणि कंपायलर तो किती वेगाने देतो, यावरच पडद्यावर काय दिसणार ते ठरतं. हे मार्गदर्शन झेड८०, ६५०२ किंवा ६८००० या जुन्या प्रोसेसरांभोवती स्वतः संगणक जोडणाऱ्यांसाठी आहे.

पायरी १: पडद्यावर काय हवंय ते बाइट्समध्ये लिहा

नुसतं "ग्राफिक्स हवेत" म्हणून काहीच ठरत नाही. कागद घ्या आणि रुंदी गुणिले उंची गुणिले प्रत्येक पिक्सेलचे बिट, भागिले ८, असा हिशेब मांडा. २५६ × १९२ चा पडदा, एका पिक्सेलला एक बिट: ६,१४४ बाइट्स. तोच पडदा १६ रंगांत: २४,५७६. ३२० × २४० आणि २५६ रंग: ७६,८००. ६४० × ४८० आणि २५६ रंग: ३,०७,२००.

झेड८० आणि ६५०२ यांना एकूण ६५,५३६ बाइट्सच दिसतात, आणि प्रोग्राम, डेटा, स्टॅक सगळं त्यातच बसवायचं असतं. म्हणजे तिसऱ्या आकड्यापासून पुढे चित्राची मेमरी व्हिडिओ चिपकडे वेगळी हवी, नाहीतर मेमरीचे तुकडे (बँका) आळीपाळीने बदलत बसावं लागेल. ६८००० चे पत्ते २४ बिटांचे, म्हणजे १६ मेगाबाइटची जागा. तिथे फ्रेमबफर, म्हणजे पूर्ण चित्राची मेमरी, सरळ मेमरीत मांडता येतो.

२५६ × १९२ च्या पडद्याचे ८ × ८ चे चौकोन (टाइल्स) पाडले तर ते ७६८ होतात, आणि प्रत्येक चौकोनाला एक बाइट पुरतो. मजकूर दाखवायचा असेल किंवा टाइल्सवर चालणारा खेळ करायचा असेल तर एवढ्यावर काम भागतं. पुढच्या प्रत्येक पायरीवर या फरकाचा उपयोग होणार आहे.

पायरी २: मॉनिटर आधी, चिप नंतर

जुन्या चिपांपैकी बऱ्याचशा टीव्हीच्या वेगाचा, म्हणजे साधारण १५ किलोहर्ट्झचा सिग्नल देतात. व्हीजीए मॉनिटरला ६४० × ४८० साठी ३१.५ किलोहर्ट्झ लागतात, आणि कित्येक एलसीडी मॉनिटर १५ किलोहर्ट्झचा सिग्नल घेतच नाहीत. तुमच्याकडचा मॉनिटर नेमकं काय घेतो ते त्याच्या माहितीपत्रकात बघून घ्या. मधे कन्व्हर्टर लावता येतो, पण चित्र आलं नाही तर दोष चिपचा की कन्व्हर्टरचा हे शोधण्यात वेळ जातो.

पायरी ३: चिप निवडा

पहिल्यांदा बांधणाऱ्याला मी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएमएस ९९१८ए सुचवेन. एमएसएक्स, कोलेकोव्हिजन आणि टीआय-९९/४ए या संगणकांत आणि खेळयंत्रांत ही किंवा तिच्याच कुटुंबातली चिप होती. तिची १६ किलोबाइट मेमरी तिच्याच ताब्यात असते, त्यामुळे प्रोसेसरच्या पत्त्यांतला एकही बाइट चित्रासाठी जात नाही. प्रोसेसरच्या बाजूने डेटाच्या ८ तारा, नियंत्रणाच्या ३ आणि इंटरप्टची (हातातलं काम थांबवून लक्ष दे, असं प्रोसेसरला सांगणारी) १, एवढीच जोडणी. २५६ × १९२ चा पडदा, १५ रंग आणि ३२ स्प्राइट (पडद्यावर स्वतंत्रपणे हलवता येणारी छोटी चित्रं) मिळतात. एका आडव्या ओळीवर त्यातले ४ च दिसतात. अडचण मेमरीची आहे. ९९१८ए सोबत वापरायच्या ४११६ चिपांना +१२, +५ आणि −५ असे तीन व्होल्टेज लागतात. ते नको असतील तर याच कुटुंबातली ९११८ बघा. तिला दोन ४४१६ पुरतात. जुन्या साठ्यातल्या चिपांवर नवे आकडे छापून त्या खपवल्या जातात, तेव्हा चिप सॉकेटातच बसवा, बोर्डाला थेट डाग देऊ नका.

यामाहाच्या व्ही९९३८ आणि व्ही९९५८ या तिच्याच पुढच्या पिढ्या. १२८ किलोबाइट मेमरी, ८० स्तंभांचा मजकूर, २५६ रंगांचा मोड, शिवाय चित्राचा तुकडा इकडून तिकडे हलवण्याचं काम चिप स्वतः करते. मात्र ६४ पायांमधलं अंतर १.७७८ मिलिमीटर आहे. ब्रेडबोर्डच्या भोकांत २.५४ असतं, त्यामुळे ती तिथे बसतच नाही. मधे अडॅप्टर बोर्ड लागतो.

६८४५ ही ग्राफिक्स चिप मानली जाते, पण ती फक्त पत्ते आणि सिंक (ओळ आणि फ्रेम कुठे सुरू होते ते मॉनिटरला सांगणारे संकेत) मोजते. अक्षरांचा रॉम, शिफ्ट रजिस्टर, रंग सगळं बाहेरून जोडायचं. आयबीएमच्या एमडीए आणि सीजीए कार्डांवर ती होती. पडद्यावर एक पिक्सेल कसा उमटतो हे हाताने समजून घ्यायचं असेल तर हिच्यासारखी शिक्षिका नाही. पण लवकर चित्र हवं असेल तर हिच्या वाटेला जाऊ नका.

आता नव्या वाटा. कमांडर एक्स१६ या हौशी संगणकासाठी बनलेलं व्हेरा हे एफपीजीए (आतली जोडणी हवी तशी ठरवता येणारी चिप) मॉड्यूल १२८ किलोबाइट मेमरी, दोन स्तर आणि १२८ स्प्राइट देतं, तेही थेट व्हीजीएवर. रास्पबेरी पाय पिको या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डावरही व्हीजीए सिग्नल छान निघतो, पण पहिल्या पायरीतला कागद पुन्हा बघा: तिच्या आरपी२०४० या चिपमध्ये २६४ किलोबाइट, म्हणजे २,७०,३३६ बाइट्स मेमरी आहे, तेव्हा ६४० × ४८० चा २५६ रंगांचा पूर्ण फ्रेमबफर त्यात मावत नाही. ३२० × २४० आरामात मावतो. शिवाय ती ३.३ व्होल्टवर चालते. ५ व्होल्टच्या बसला जोडताना मधे लेव्हल शिफ्टर (व्होल्टेज जुळवणारी चिप) घालाच.

मुख्य प्रोसेसरपेक्षा व्हिडिओ चिप कितीतरी पट वेगवान असणं काहींना फसवणूक वाटते. मला तसं वाटत नाही. स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम किंवा भाषा लिहायची असेल तर पिको खुशाल वापरा. व्हिडिओच शिकायचा असेल तर मात्र टाळा, कारण शिकण्यासारखं सगळं तिच्या आत घडतं आणि तुमच्या बोर्डावर काहीच उरत नाही.

पायरी ४: वेगाचा हिशेब

९९१८ए पडदा रंगवत असताना प्रोसेसरकडून आलेला बाइट मेमरीत ठेवायला ८ मायक्रोसेकंदांपर्यंत वेळ घेते. ग्राफिक्स २ मोडमध्ये पूर्ण चित्र बदलायचं तर आकार ६,१४४ आणि रंग ६,१४४, असे १२,२८८ बाइट्स जातात. गुणाकार केला की ९८ मिलिसेकंद होतात, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर जवळजवळ सहा फ्रेम. टाइल्सचा ७६८ बाइट्सचा तक्ता मात्र ६ मिलिसेकंदांत जातो. दोन फ्रेमच्या मधल्या मोकळ्या वेळेत चिपला एका बाइटला साधारण २ मायक्रोसेकंद पुरतात. तो वेळ ४ मिलिसेकंदांहून थोडा जास्त असतो आणि तक्ता त्यात सहज बसतो. तेव्हा या चिपवर खेळ करायचा असेल तर तो टाइल्स आणि स्प्राइट यांच्यावर आखा. प्रोसेसर कितीही वेगवान घेतलात तरी ही मर्यादा हटत नाही.

पायरी ५: कंपायलर

६५०२ साठी सीसी६५ हा जुना, भरवशाचा पर्याय. त्याची कागदपत्रं चांगली आहेत, आणि स्वतःच्या बोर्डाचा मेमरी नकाशा लिंकरच्या एका फाइलीत लिहिला की काम सुरू. ६५०२ चा स्वतःचा स्टॅक अवघा २५६ बाइट्सचा असल्यामुळे सीसी६५ रॅममध्ये दुसरा स्टॅक सांभाळतो, आणि स्थानिक चलांची प्रत्येक उचलठेव त्यातून फिरून होते. आतल्या लूपमधले चल स्टॅटिक (ठरलेल्या पत्त्यावरचे) केले की फरक लगेच दिसतो. एलएलव्हीएम-एमओएस हा दुसरा कंपायलर हे काम स्वतःहून करतो: जे फंक्शन स्वतःला परत हाक मारत नाही त्याच्या चलांना तो ठरलेले पत्ते देतो. वेग हवा असेल तर तो घ्या.

झेड८० साठी एसडीसीसी, किंवा स्वतःच्या कंपायलरसोबत एसडीसीसीची सुधारलेली आवृत्तीही देणारा आणि तयार लायब्ररींनी भरलेला झेड८८डीके. एसडीसीसीच्या ४.२.० आवृत्तीपासून फंक्शनला मूल्यं देण्याची मूळ पद्धत बदलली. काही मूल्यं आता रजिस्टरांतून जातात. जुनी असेंब्ली फंक्शनं आणून जोडणार असाल तर हे आधी तपासा.

६८००० साठी जीसीसी. इथे फसण्याची एकच मोठी जागा आहे. ६८००० ला ३२ बिटांचा गुणाकार एका सूचनेत येत नाही, म्हणून जीसीसी आपल्या मदतनीस लायब्ररीतलं फंक्शन बोलावतो. लिनक्ससाठी तयार मिळणाऱ्या क्रॉस-कंपायलरमधली ही लायब्ररी ६८०२० साठी बनलेली असू शकते. मग तुमचा स्वतःचा कोड बरोबर असूनही प्रोसेसर अनोळखी सूचनेवर अडकतो. साध्या ६८००० साठी बांधलेली लायब्ररी असलेलाच कंपायलर घ्या, किंवा तो स्वतः बांधा.

पायरी ६: मागवण्याआधी लिस्टिंग वाचा

कंपायलर फुकट आहेत, तेव्हा बोर्ड नसतानाही परीक्षा घेता येते. चिपकडे ७६८ बाइट्स पाठवणारं एक छोटं फंक्शन लिहा, असेंब्लीची यादी काढा आणि आतल्या लूपची सायकल मोजा. यादीत तीन गोष्टी बघा.

पहिली म्हणजे इंटचा (सी मधल्या साध्या पूर्णांकाचा) आकार. सीसी६५ आणि एसडीसीसीमध्ये इंट १६ बिटांचा आहे. २५६ × १९२ = ४९,१५२, आणि चिन्हासहित इंटची कमाल ३२,७६७; म्हणजे पिक्सेलचा हिशेब निमूटपणे ऋण होतो. अनसाइन्ड (बिनचिन्हाचा) लिहा.

दुसरी: चिपचा पत्ता व्होलाटाइल (इथलं एकही लेखन-वाचन गाळू नको, असं कंपायलरला सांगणारा शब्द) हवा, नाहीतर ऑप्टिमायझर एकाच जागी केलेली लेखनं गाळू शकतो. शिवाय तो पत्ता स्थिर आकडा म्हणून द्या, चलात ठेवलेला पॉइंटर नको. मूळ ६५०२ इंडेक्स वापरून लिहिताना आधी त्या जागेचं एक फुकटचं वाचन करतो. ते वाचन ९९१८ए च्या डेटा पोर्टवर झालं की तिचा आतला पत्ता एकाने पुढे सरकतो आणि चित्रात जागोजागी भोकं पडतात. पत्ता स्थिर असला की कंपायलर सरळ लेखनाची सूचना देतो.

तिसरी: वेग जास्त तर नाही ना? झेड८० ची ओटीआयआर ही बाइट्स एकामागून एक पोर्टवर पाठवणारी सूचना एका बाइटला २१ सायकल घेते. ३.५८ मेगाहर्ट्झवर ते ५.९ मायक्रोसेकंद झाले, आणि चिपला हवेत ८. त्यामुळे सी मध्ये लिहिलेला संथ लूप बिनचूक चालतो आणि हाताने घासूनपुसून वेगवान केलेला बाइट गाळतो. ऑप्टिमायझेशन चालू केल्यावर चित्र बिघडलं तर कंपायलरला दोष देण्याआधी हा हिशेब करा.

पायरी ७: क्रमाने चालू करा

आधी सीरियल पोर्ट, मग व्हिडिओ. सीरियलवर अक्षर उमटल्याशिवाय चिपला हात लावू नका.

९९१८ए ची पहिली चाचणी पार्श्वभूमीच्या रंगाची. पडदा बंद ठेवून सातव्या रजिस्टरमध्ये रंग लिहा. यात चित्राची मेमरी लागत नाही, फक्त दोन बाइट्स पोचावे लागतात. रंग बदलला नाही तर डेटाच्या तारा बघा: टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या डेटाशीटमध्ये बिट ० हा सर्वांत मोठा बिट असतो, इतरांच्या नेमका उलटा.

इंटरप्ट यानंतर जोडा. मेमरीचा पत्ता चिपला दोन बाइट्समध्ये सांगायचा असतो. मधेच इंटरप्ट आला आणि त्याच्या फंक्शनने स्टेटस रजिस्टर वाचलं, की चिप आधीचा बाइट विसरते आणि तुमचा दुसरा बाइट पहिला समजते. पत्ता सांगताना तेवढ्यापुरते इंटरप्ट बंद ठेवा.

शेवटी सगळे १६,३८४ बाइट्स लिहून परत वाचा, आणि चूक निघाली तर ती कुठे येते ते सीरियलवर छापा. एका पत्त्यावर लिहिलेलं दुसरीकडेही दिसत असेल तर पत्त्याची एखादी तार तुटली किंवा चिकटली आहे. सगळीकडे एकच बिट चुकत असेल तर काम सोपं: ४११६ ची प्रत्येक चिप एकच बिट सांभाळते, त्या बिटाची चिप काढून दुसरी बसवा.