सिगरेट सोडायचीय? मग आधी चार माणसं गोळा करा

माझी सिगरेट सुटून आता चार वर्षं झाली. त्याआधी दोनदा सोडून बघितली होती आणि दोन्ही वेळा जवळजवळ कुणाला न सांगता (दुसऱ्या वेळेला फक्त आईला ठाऊक होतं), म्हणजे सुटली तर सांगू नाहीतर गप्प बसू असा विचार करून. पहिल्यांदा नऊ दिवस टिकलं, दुसऱ्यांदा पाच आठवडे. परत पेटवली तेव्हा कुणाला कळलंच नाही, त्यामुळं कुणी अडवलं नाही की विचारलं नाही, आणि घोडं तिथंच अडत होतं हे मला लई उशिरा कळलं. तिसऱ्या वेळेला तारीख ठरवायच्या आधीच चार माणसांना सांगितलं आणि चौघांना एकेक काम दिलं. ते कसं केलं ते लिहितोय, जे सोडणार आहेत त्यांच्यासाठी आणि त्याहून जास्त त्यांच्या घरच्यांसाठी, दोस्तांसाठी, कारण मदत करायची सगळ्यांची इच्छा असते पण नेमकं काय करायचं हे कुणाला ठाऊक नसतं.

मी कोल्हापुरात, उद्यमनगरात लेथवर काम करतो. चौदा वर्षं दिवसाला दहा-बारा सिगरेटी. आमच्या घरात वडील बिडी ओढायचे, चुलत्यांच्या खिशात चुन्याची डबी, तंबाखूची निपाणी तर इथनं तासाभरावर, त्यामुळं तंबाखू ही काय बाहेरची वस्तू वाटतच नव्हती कधी. सांगायचा मुद्दा, ज्याच्या आजूबाजूला सगळेच ओढतात त्याला नुसतं "मनावर घे" म्हणून भागत नाही.

तर माणसं कुठली निवडायची. सगळ्या पेठेला सांगू नका, स्टेटसला तर अजिबात टाकू नका, तिथं शंभर अंगठे मिळतात आणि संध्याकाळपर्यंत सगळे विसरतात. चार पुरे. एक घरातलं, एक कामावरचं, एक असा ज्यानं स्वतः सोडलेली आहे, आणि एक असा दोस्त जो अजून ओढतो. हा चौथा महत्त्वाचा आहे, लोक त्यालाच टाळतात. पण पहिली सिगरेट परत हातात येते ती बहुतेक त्याच्याच पाकिटातनं, मग त्यालाच आधी विश्वासात घेतलेलं बरं. मी आमच्या कट्ट्यावरच्या दोस्ताला एवढंच म्हणलं, "भावा, तू ओढ, तुला मी काय म्हणत न्हाई. पण मी मागितली तरी मला द्यायची न्हाई, शिव्या घातल्या तरी न्हाई." तो म्हणाला "बरं" आणि त्यानं ते पाळलं. तिसऱ्या दिवशी मी खरंच शिव्या घातल्या, तरी त्यानं पाकीट खिशातनं काढलं नाही.

काम देताना मोघम बोलू नका. "जरा लक्ष ठेव माझ्यावर" म्हणलं की समोरच्याला वाटतं पोलिसगिरी करायचीय. त्यापेक्षा वेळ आणि काम सांगा. वर्कशॉपमधल्या सोबत्याला सांगितलं होतं की साडेदहाच्या चहाला मला एकट्याला बाहेर सोडायचं नाही, तू संगं यायचं. ज्यानं सोडली होती त्या मामांना सांगितलं की मी कधीही फोन केला तर पाच मिनिटं बोलायचं, विषय कुठलाही चालेल. बायकोला सांगितलं की पंधरा दिवस मी चिडचिड करणार, ते तुझ्यावर नाही, आणि रोज रात्री सिगरेटचे पैसे माझ्याकडनं मागून डब्यात टाकायचे. दहा सिगरेटी, एक 15 रुपयाला जरी धरली तरी दिवसाचे 150, महिन्याचे 4500. पहिल्या महिन्याचा डबा उघडून नोटा मोजल्या तेव्हा आम्ही दोघंबी गप्प बसलो होतो, एवढे पैसे महिन्याला जात होते हे कधी एका जागी बघितलंच नव्हतं.

तारीख आठ-पंधरा दिवसांतली धरा, लांबची धरली की ती येतच नाही. गणपतीची मिरवणूक, घरातलं लग्न, फुटबॉलचा सीझन जोरात असतो ते दिवस सोडून द्या, आपल्या तालमीच्या फुटबॉल टीमची मॅच असताना शाहू स्टेडियममध्ये बसून कुणाला पहिला दिवस काढता येणार नाही. मी सोमवार धरला कारण आमची सुट्टी सोमवारी. आदल्या रात्री लायटर, काडीपेट्या, गाडीच्या डिक्कीतलं अर्धं पाकीट सगळं काढलं, आणि जॅकेट धुवायला टाकलं, कारण त्या वासानं सुद्धा तलफ येते.

आणि टपरीवाल्याला सांगा. हे कुणी सुचवत नाही पण मला सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला. रोज जिथनं घेता त्या माणसाला तुमचं तोंड बघितलं की हात आपोआप त्या ब्रँडकडं जातो, तुम्ही मागायच्या आधीच. महाराष्ट्रात सुट्या सिगरेटी-बिड्या विकायला 2020 पासून बंदी आहे तरी सुटी मिळते, आणि सुटीच घात करते, पाकीट घेताना माणूस विचार तरी करतो. मी रविवारी संध्याकाळी गर्दी नसताना गेलो आणि म्हणलं, "आण्णा, उद्यापासनं मी बंद करतोय, मला देऊ नका." ते काहीच बोलले नाहीत. मला वाटलं गिऱ्हाईक तुटलं म्हणून राग आला असेल. मंगळवारी सवयीनं पाय तिकडं वळले तर त्यांनी बरणीतनं मूठभर शेंगदाणे कागदावर घालून पुढं सरकवले, आणि माझ्या मागच्या माणसाकडं बघून "तुमचं काय?" म्हणाले. बास, एवढंच. मी शेंगदाणे घेऊन परत आलो.

आता पहिले तीन दिवस. घरच्यांनी हा भाग नीट वाचा. झुरका मारल्यावर दहा-वीस सेकंदात निकोटीन मेंदूत पोचतं आणि दोनेक तासांत रक्तातलं अर्धं उतरतं, म्हणून ओढणाऱ्याला तासा-दोन तासाला परत लागते. बंद केलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास सगळ्यात जास्त असतो, डोकं जड, झोप नाही, बारीक गोष्टीवरनं भांडण, पोट साफ नाही, आणि भूक मात्र सारखी. हे नाटक नसतं. दोन ते चार आठवड्यांत उतरत जातं. या दिवसांत घरात पाहुणे बोलावू नका, डब्यातले सोडून बाकी पैशाचा विषय काढू नका, "आता तुझी तब्येत बघ कशी सुधारते" असलं भाषणही नको. जेवण वेळेवर द्या आणि चिडला तर दुसऱ्या खोलीत जा, तेवढं पुरतं.

चहाचं एक सांगतो. सिगरेटच्या धुरामुळं शरीरात चहा-कॉफीतलं कॅफिन लवकर निकामी होतं, सिगरेट बंद केली की तेच कॅफिन जास्त वेळ अंगात राहतं. म्हणजे तुम्ही नेहमीसारखे सहा चहा प्यालात तर हात थरथरणं, छातीत धडधड, झोप उडणं हे सगळं चहाचं असतं आणि माणसाला वाटतं सिगरेट सोडल्यामुळं मरतोय. चहा निम्म्यावर आणा. आम्ही रात्रीचा कट्टा गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर हलवला, म्हशीचं दूध काढतात तिथंच ग्लासात देतात, त्याच्यासंगं सिगरेट कुणाला आठवत नाही, निदान मला तरी आठवली नाही.

तलफेचं असं आहे की ती आली की वाटतं आता ही जाणारच नाही, पण तीन ते पाच मिनिटांत तिचा जोर उतरतो, ओढली तरी आणि नाही ओढली तरी. म्हणजे सोबत्याचं काम फक्त त्या पाच मिनिटांचं असतं. आमच्या शॉपमधला साडेदहा वाजले की खिशातनं गुळाचा खडा काढायचा, अर्धा मला अर्धा त्याला, आणि आम्ही गेटपासनं कोपऱ्यापर्यंत चालत जाऊन यायचो. बोलायचो काय तर लेथचा चक कसा हलतोय, ड्रॉइंग कसं चुकीचं आलंय, कुणाची म्हैस कितीला गेली. सिगरेटचं नाव तो काढायचा नाही. मला वाटतं त्याला ते आपोआप कळलं होतं, कारण "येतीय का आठवण?" असं विचारलं की हटकून येते. गुळाखाली वजन वाढतं हे खरं आहे, सोडल्यावर चार-पाच किलो बऱ्याच जणांचं वाढतं, माझंही वाढलं, नंतर बघता येतं. घरच्यांनी त्यावरनं चिडवू नये एवढीच विनंती.

काय बोलू नये याची यादी करायची नाही मला, पण तीन गोष्टींनी लई नुकसान होतं. "बघू की किती दिवस टिकतंय", हे चेष्टेत म्हणतात पण ऐकणारा ते डोक्यात धरून बसतो. दुसरं, शर्टाचा वास घेणं, खिसे तपासणं. एकदा खिसा तपासला की माणूस लपवायला शिकतो, आणि लपवायला लागला की तुमची मदत तिथंच संपली. आणि तिसरं म्हणजे शपथ. आपल्याकडं जोतिबाची, अंबाबाईची, आईची शपथ घालतात. भावना चांगली असते, पण एक झुरका गेला की माणसाला वाटतं शपथ मोडलीच आहे तर आता काय राहिलं, आणि वर ते पाप झाल्यासारखं वाटून कुणाला सांगतही नाही. माझ्या आईनं दुसऱ्या वेळेला गळ्याची शपथ घातली होती. पाच आठवड्यांनी मोडली तेव्हा मी दोन महिने तिच्यासमोर नीट बसत नव्हतो आणि तिला कारण माहीत नव्हतं. देवाला जायचं तर दर्शनाला जा, ताकद मागा, पण अट घालू नका.

त्यापेक्षा झालेलं सांगा. सोडल्यावर 20 मिनिटांत नाडीचे ठोके कमी व्हायला लागतात, 12 तासांत रक्तातला कार्बन मोनॉक्साईड उतरतो, दोन-तीन महिन्यांत दम वाढतो, वर्ष काढलं की हृदयविकाराचा वाढलेला धोका ओढणाऱ्याच्या निम्म्यावर येतो. हे कागदावरचं आहे, पण घरातलं माणूस जेव्हा म्हणतं "आज जिना चढताना खोकला नाहीस" तेव्हा ते जास्त लागतं. माझ्या मुलीनं दीड महिन्यानं म्हणलं होतं, बाबा तुमच्या गाडीवर पुढं बसलं की आता वास येत नाही.

आणि चुकलं तर? एकोणिसाव्या दिवशी मी चुकलो. नात्यात एक मयत झाली होती, पंचगंगेवरनं परत येताना एका अनोळखी टपरीवर थांबून पाकीट घेतलं, एक ओढली. अर्ध्यात मामांना फोन केला आणि नुसतं "पेटवली" म्हणलं. ते म्हणाले, "कुठं हाईस? हलू नको." रंकाळ्याच्या कठड्यावर आम्ही पाऊणेक तास बसलो. त्यांनी कारण विचारलं नाही की रागावले नाहीत. पाकिटात नऊ उरल्या होत्या, त्या एकेक करून मधनं मोडल्या, बाटलीतलं पाणी वर ओतलं आणि जाऊन कचरापेटीत टाकून आले. मग म्हणाले, "उद्याचा विसावा दिवसच हाय, पहिला न्हवं." हे वाक्य माझ्यासाठी औषध ठरलं. एक ओढणं म्हणजे परत लागणं नव्हे, पण दुसरी ओढायच्या आत कुणालातरी सांगितलं पाहिजे, आणि ज्याला सांगितलं त्यानं त्या दिवशी शिकवू नये.

नुसत्या माणसांवर पण अवलंबून राहू नका. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर सवय घट्ट आहे असं समजा आणि डॉक्टरांशी बोला, निकोटीनचं च्युइंगम, पॅच, गोळ्या आहेत आणि त्यानं सुटायची शक्यता खरंच वाढते. च्युइंगम 2 आणि 4 मिलिग्रॅमचं येतं, ते साध्या च्युइंगमसारखं चघळायचं नाही, चुरचुरलं की गालात दाबून ठेवायचं, परत जरा चघळायचं, असं अर्धा तास. चहा पिऊन लगेच खाल्लं तर काम करत नाही, पंधरा मिनिटं मध्ये जाऊ द्या. हे मी सुरवातीला चुकत होतो. पाकिटावर जो नंबर छापलेला असतो 1800-11-2356, तो सोडायला मदत करणाऱ्या सरकारी लाईनचा आहे, फुकट आहे, चारातलं एखादं माणूस मिळत नसेल तर त्याच्या जागी हाच नंबर धरा. सरकारी दवाखान्यात तंबाखू सोडवायच्या केंद्राची चौकशी करायलाही लाजू नका.

एक पळवाट मात्र बंद ठेवा. सिगरेट सोडली आणि तंबाखू-सुपारीचा मावा धरला असे आमच्याच लाईनीत पाच-सहा जण आहेत. घरच्यांना धूर दिसत नाही म्हणून ते खूश, आणि इकडं तोंड उघडेना झालंय. सोबत्यांनी हे बघावं, आणि दिसलं तर बाजूला घेऊन सरळ विचारावं.

आमच्या शॉपमधल्या एका पोराची तारीख येत्या सोमवारची आहे. बावीस वर्षांचा आहे, त्याला गूळ आवडत नाही म्हणून फुटाणे आणून ठेवलेत. टपरीवर मी काल त्याला घेऊनच गेलो होतो, आण्णांना त्यानं स्वतः सांगितलं.