नायकाच्या हाती पाकीट देऊ नका : १८१४ सालचं प्रेमपत्र लिहिताना

माझी नवी कादंबरी गेल्या आठवड्यात छपाईला गेली. काळ १८१४, गाव इंग्लंडातलं बाथ. सगळ्यात जास्त दिवस खाल्ले ते तिच्यातल्या एका पत्राने. पहिल्या खर्ड्यात माझा नायक पत्र लिहितो, पाकिटात घालतो आणि टपालात टाकतो. ते पाकीट चुकलं होतं. ते काढलं तेव्हा अख्खं प्रकरण नव्याने लिहावं लागलं, आणि आता ते माझं सगळ्यात आवडतं प्रकरण आहे. त्या काळातली प्रेमकथा लिहायला बसला असाल, तर पत्राचा प्रसंग असा बांधा.

आधी पैशांचा हिशेब करा. १८४० साली एक पेनीचं टपाल सुरू झालं. त्याआधी पत्राचे पैसे बहुधा ज्याला पत्र यायचं तोच भरायचा. दर ठरायचा अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर. १८१२च्या दरांनुसार ८० ते १२० मैलांना एका कागदाचे ९ पेन्स पडत, लंडन ते बाथ याच टप्प्यात येतं. दोन कागद झाले की दुप्पट, आणि पाकीट हा दुसरा कागदच धरला जाई. म्हणून पाकीट नको.

आता दारापाशी जा. पत्र आलंय, ९ पेन्स मोजायचेत. कोण मोजणार? नायिकेचे वडील. म्हणजे पत्ता त्यांच्या नजरेखालून जाणार, अक्षर ओळखीचं आहे का हेही ते बघणार. लग्न ठरलेलं नसताना मुलीने परपुरुषाशी पत्रव्यवहार करणं तेव्हा गैर मानलं जाई. मग नायकाने लिहायचं कसं? मी वाट काढली ती त्याच्या बहिणीची. पत्र तिचं, नायिकेच्या मैत्रिणीचं, आणि शेवटच्या चार ओळी तेवढ्या वेगळ्या अक्षरात. (खासदारांची पत्रं फुकट जात, पण पत्ता त्यांनी स्वतःच्या हाताने लिहायचा असे. म्हणजे गुपितात आणखी एक माणूस आला. तुमच्या कथेला चालत असेल तर जरूर वापरा.)

पुढचं काम टेबलावर बसून, हाताने करून बघा. मोठा कागद मधोमध दुमडा, चार पानं होतात. तीन पानं भरा. चौथ्याच्या मधली जागा पत्त्यासाठी कोरी ठेवा, तिच्या वर-खाली मात्र लिहिता येतं, कारण तो भाग घडीत आत जातो. मग वरची-खालची बाजू आत घ्या, दोन्ही टोकं एकमेकांत खोचा आणि लाखेने बंद करा. मजकूर उरलाच, तर दुसरा कागद घ्यायचा नाही. लिहिलेलं पान काटकोनात फिरवा आणि आधीच्या ओळींवरूनच आडवं लिहीत जा. मी असं एक पान लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी वाचायला घेतलं. वाचता येतं, पण डोळे एकाच दिशेच्या ओळींवर धरून ठेवावे लागतात. तेव्हा कळलं की माझी नायिका पत्र ‘झरझर’ वाचूच शकत नाही. ती खिडकीशी जाते, कागद फिरवते, एकेक शब्द सोडवते. प्रसंगाची गती आपोआप बदलली.

शाईकडेही लक्ष द्या. मायफळ, हिराकस आणि डिंक यांची ती शाई लिहिताना फिकट दिसते, हवा लागली की गडद होत जाते. ‘काळ्याभोर ओल्या अक्षरांवर अश्रू पडला’ असं लिहायच्या आधी हे आठवा. लेखणी हंसाच्या पिसाची, टोक झिजलं की चाकूने पुन्हा तासायचं. रात्री लिहीत असेल तर चरबीच्या मेणबत्तीची जळकी वात दर काही मिनिटांनी कातरावी लागते. आगकाड्या अजून आलेल्या नाहीत, तेव्हा मेणबत्ती विझली तर चकमक झाडणं आलं.

लाखेचा रंग शेवटी ठरवा, पण विचार करून ठरवा. एरवी लाल, घरात सुतक असेल तर काळी. पत्र फोडायच्या आतच बातमी पोहोचते. माझ्या कादंबरीत दुसरं पत्र येतं ते काळ्या लाखेचं. वडील ९ पेन्स मोजतात, पत्र मुलीच्या हाती देतात, आणि अक्षर कुणाचं हे या वेळी विचारत नाहीत.